नाव कोण देतो, हे आधी विचारा

"नाव बदलून काय होते?" हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांना नेहमी विचारला जातो. उत्तरासाठी बायबल उघडून पाहा.

तिथे अब्रामाचा अब्राहाम होतो, म्हणजे अनेक राष्ट्रांचा पिता. शिमोनाचा पेत्र होतो, म्हणजे खडक. नव्या नावातच पुढचे काम सांगितलेले आहे. दानीएलच्या पुस्तकात मात्र उलटे घडते. यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या तरुणांची नावे दरबारी अधिकारी बदलतो. दानीएलचे 'बेल्टशस्सर' हे नाव आपल्या देवावरून आहे, असे राजा स्वतः सांगतो. ओळख पुसण्याचा हा जुनाच डाव! तरीही नावे बदललेले त्याचे तीन साथीदार सोन्याच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत. त्यांनी धगधगती भट्टी पत्करली.

दमास्कसच्या वाटेवर शौलाचा पौल झाला, असे सर्रास सांगतात. तसे तिथे लिहिलेलेच नाही. शौलाला पौलही म्हणत, एवढाच उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत 13व्या अध्यायात येतो. त्या वाटेवर बदलले ते त्याचे वागणे.

मित्रांनो, लादलेले नाव झुगारा, स्वीकारलेले नाव अभिमानाने लावा. पण नाव बदलूनही मान जुन्याच ठिकाणी झुकत असेल, तर बदलली ती फक्त पाटी!

जय भीम.