मायचे डोळे फोटोत का आले नाहीत?



मागच्या पंधरवड्यात एक बाई माझ्याकडे निराधार योजनेचा अर्ज भरून घ्यायला आल्या. सगळे कागद व्यवस्थित होते. फक्त फोटो पाहून मी थांबलो. नातवाने भर दुपारी अंगणात मोबाईलवर काढलेला आणि दुकानातून छापून आणलेला. अंगावरचे पांढरे पातळ लख्ख, मागची चुन्याची भिंत लख्ख, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. नाक कुठे नि डोळे कुठे, काही कळेना. मी म्हटले, "मावशी, हा फोटो चालणार नाही. अर्ज परत येईल." तर त्या म्हणाल्या, "भाऊ, म्या हावच काळी. फोटू तरी काय करीन?"

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. काळ्या रंगाचा दोष त्यांनी किती सहज स्वतःच्या अंगावर घेतला! दोष होता दुपारी साडेबाराच्या उन्हाचा, आणि मोबाईल ज्याच्या हातात होता त्याच्या अज्ञानाचा. म्हणून आज या पानावर योजना-अर्ज बाजूला ठेवून उन्हातल्या फोटोविषयी लिहितो आहे. मी काही फोटोग्राफर नव्हे, कारकुनी करणारा माणूस. पण कार्यक्रमांचे फोटो काढता काढता, आणि पुष्कळसे बिघडवून, थोडेफार कळू लागले आहे.

आधी घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या मायचा धड असा एकच फोटो आहे. २००८ सालच्या बुद्धजयंतीचा, सगळ्या वस्तीच्या बायांसोबत काढलेला. मिरवणूक संपली होती, बारा वाजून गेले होते, आणि फोटो काढणाऱ्याने सगळ्यांना विहाराच्या पुढच्या मोकळ्या जागेत उन्हाकडे तोंड करून उभे केले. पुढच्या वर्षी माय गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून त्यातून तिचा चेहरा मोठा करून घेतला, तेव्हा कळले की तिच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या आहेत. स्टुडिओवाल्याने ब्रशने डोळे काढून दिले. चांगले काढले त्याने, पण ते मायचे नाहीत. आजही त्या फोटोकडे पाहताना मी डोळे सोडून कपाळाकडे पाहतो.

असे का होते ते समजून घेऊ. आपला अमरावती-अकोल्याचा भाग २१ अंश अक्षांशाच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, शाळेतल्या पोरांना जरूर दाखवा. पण फोटोसाठी याचा अर्थ असा की ऊन वरून सरळ खाली पडते. कपाळाचे हाड डोळ्यांवर छपरासारखे काम करते आणि डोळे त्याच्या सावलीत जातात. नाकाची सावली ओठावर पडते आणि बाईमाणसाला मिशी फुटल्यासारखी दिसते. लंडनला भर जूनमध्येसुद्धा सूर्य दुपारी ६२ अंशांच्या वर चढत नाही. डिसेंबरात तर १५ अंशांवरच थांबतो. तिथले ऊन समोरून तोंडावर येते, आपले टाळूवर येते.

आणि आपले सगळे कार्यक्रम नेमके याच दिवसांत! १४ एप्रिल, त्यानंतर लग्नसराई, मग वैशाखी पौर्णिमा. इर्विन चौकात काय किंवा अकोल्याच्या अशोक वाटिकेत काय, अभिवादन करून बाहेर आले की मंडळी तिथेच उन्हात उभी राहतात आणि "काढ रे पोट्ट्या फोटू" सुरू होते.

"सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा" हा नियम आपल्या वडिलधाऱ्यांनी आपल्याला शिकवला. तो खोटा नव्हता, पण तो जुन्या कॅमेऱ्याचा नियम आहे. बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री पुष्कळ घरांत होता. त्यावर ऊन आणि ढग अशा खुणा असत. असल्या साध्या कॅमेऱ्याला आणि तेव्हाच्या मंद फिल्मला भरपूर उजेड लागायचा, म्हणून समोरून ऊन हवे असायचे. आता हातातल्या मोबाईलला सावलीतला उजेडसुद्धा पुरून उरतो. नियम मात्र तोच चालू आहे, आणि त्यापायी म्हातारी माणसे उन्हाकडे तोंड करून डोळे मिचकावत उभी असतात.

तेव्हा पहिली गोष्ट, माणसाला सावलीत घ्या. पण सावली-सावलीत फरक आहे. कडुनिंबाखाली उभे केले तर पानांमधून कवडसे पडतात. एक गालावर, एक नाकावर, आणि चेहरा चितळासारखा ठिपक्यांचा होतो. वडाची किंवा चिंचेची गर्द सावली त्यापेक्षा बरी. तीही जमिनीकडे पाहून तपासायची. जमिनीवर उन्हाचे तुकडे दिसले की समजावे, ते चेहऱ्यावरही पडणार.

सगळ्यांत उत्तम जागा आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. ती म्हणजे घराचा दरवाजा. माणसाला उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसवा. ऊन त्याच्या अंगावर पडता कामा नये, नुसता आभाळाचा आणि अंगणाचा उजेड तोंडावर यावा. मागे घरातला अंधार राहतो, म्हणून चेहरा उठून दिसतो. डोळ्यांत दरवाजाच्या उजेडाचा एक बारीक ठिपका चमकतो आणि त्यानेच माणूस जिवंत वाटतो. फोटो काढणाऱ्याने बाहेर उभे राहायचे, तेही थोडे बाजूला, म्हणजे उजेड अडणार नाही. दरवाजा उत्तरेकडचा असेल तर फारच छान. विजेचे दिवे नव्हते त्या काळी स्टुडिओवाले मुद्दाम उत्तरेकडे मोठी काच बसवून घेत, कारण तिकडून येणारा उजेड दिवसभर मऊ आणि जवळपास सारखा असतो. झोपडीच्या दारातून येणारा उजेड त्यापेक्षा कमी प्रतीचा नसतो.

दरवाजा जवळ नसेल, शेतात असाल, तर एक पांढरे पातळ धोतर दोन पोरांनी डोक्यावर चार-पाच फूट उंच ताणून धरावे. ऊन त्यातून गाळून येते आणि सावलीच्या कडा विरून जातात. सूर्याचे बिंब आपल्याला आभाळात अर्ध्या अंशाएवढेच दिसते. एवढ्याशा जागेतून सगळा उजेड येतो म्हणून सावली सुरीने कापल्यासारखी पडते. धोतर ताणले की तेवढे कापडच दिवा बनते. मात्र ते पांढरेच हवे. लग्नाच्या मांडवात काय होते ते आठवून पाहा. लाल-पिवळ्या कापडाखाली नवरदेव हळद न लावताच पिवळा, आणि हिरव्या जाळीखाली नवरी आजारी असल्यासारखी. पुढे कुणी मांडववाल्याशी बोलत असेल तर स्टेजवरचे छत तेवढे पांढरे मागा. भाडे तेवढेच पडते आणि अल्बम वाचतो.

आपल्या काळ्या मातीचीही एक गंमत आहे. कपाशीच्या वावरात काढलेल्या फोटोत हनुवटीखाली अंधार दिसतो, कारण काळी माती उजेड गिळून टाकते. चुन्याची भिंत, सिमेंटचा रस्ता, वाळू मात्र उजेड परत फेकतात. वावरात असाल तर पांढरी चादर समोर जमिनीवर अंथरा, किंवा टीव्हीच्या खोक्यातली थर्माकोलची पाटी कुणाला छातीच्या खाली धरायला सांगा, फोटोच्या चौकटीबाहेर. खोबण्या उजळतात. आमच्या एका मित्राने हुशारी करून स्टीलचे ताट धरले होते. त्याची तिरीप थेट काकाजींच्या डोळ्यांत गेली आणि त्यांनी फोटो न काढताच घर गाठले.

अजून एक. ऊन टाळताच येत नसेल तर माणसाची पाठ उन्हाकडे करा. चेहरा त्याच्या स्वतःच्या सावलीत येतो, डोळे उघडे राहतात, केसांना सोनेरी कड येते. मेमध्ये संध्याकाळी सव्वापाचनंतर हे फार सुंदर जमते, कारण तेव्हा सूर्य २० अंशांच्या आसपास उतरलेला असतो. सकाळी आठच्या आत काढला तरी चालेल. दुपारी फ्लॅश मारणारा लग्नाचा फोटोग्राफर वेडा नसतो, तो डोळ्यांतली सावली भरून काढत असतो. मोबाईलचा बारका दिवा मात्र उन्हापुढे फार तर हातभर अंतरावर उपयोगी पडतो.

आता मुद्दा पांढऱ्या कपड्यांचा. १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरला लोक पांढरी वस्त्रे नेसून दीक्षेला गेले, तेव्हापासून मंगल प्रसंगी पांढरे हा आपला शिरस्ता झाला. पण कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे यंत्र मुळात असे धरून चालते की समोरचे सगळे मिळून मध्यम करडे आहे. समोर पन्नास पांढऱ्या साड्या दिसल्या की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि ते सगळेच अंधारून टाकते. साडी करडी होते, सावळा चेहरा काळा होतो. उपाय सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये बाजूला सूर्याची खूण दिसते, ती बोटाने वर सरकवा. चेहऱ्याचा खरा रंग दिसेपर्यंत सरकवा आणि मग काढा. साडीची किनार पांढऱ्यात विरली तरी माझ्या मते हरकत नाही. फोटो साडीचा काढत नाही आपण.

फिल्मच्या काळात यापुढचाही अन्याय होता. कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा नमुना-फोटो पाठवत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर. सावळ्या माणसाचे काय होते याची चौकशी नव्हती. कॅनडाच्या लॉर्ना रॉथ या संशोधक बाईंनी २००९ साली यावर लेख लिहिला. त्यांना आढळले की तपकिरी रंगाच्या छटा नीट याव्यात म्हणून कंपनीकडे तक्रारी केल्या त्या फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी! लाकडाची छटा दिसेना म्हणून धंदा अडला, तेव्हा फिल्म सुधारली. २०२१ साली गुगलनेही आपल्या फोनच्या जाहिरातीत सावळी कातडी खरी दिसेल असे मुद्दाम सांगितले, म्हणजे तोवर ती खरी दिसत नव्हती हे आपोआपच कबूल झाले.

आणि आपण काय करतो? मुलीच्या बायोडाट्याचा फोटो घेऊन दुकानात जातो आणि म्हणतो, "भाऊ, जरा गोरी करून द्या." मोबाईलही आजकाल न विचारता चेहरा घासूनपुसून पांढरा करतो. कॅमेऱ्यात सौंदर्याची ती सेटिंग शोधून शून्यावर आणा. सावळ्या रंगाला सावलीतला मऊ उजेड फार मानवतो. त्यात कातडीवर जी चमक येते ती गोऱ्या रंगाला मिळत नाही, हे मी पाहून सांगतो.

म्हाताऱ्या माणसांबाबत एक विनंती. पारा ४५ च्या पुढे असताना फोटोसाठी त्यांना ताटकळत ठेवू नका. आधी जागा ठरवा, उजेड पाहा, आपल्या पोरालाच तिथे उभे करून दोन फोटो काढून बघा, आणि मगच आजीला हात धरून आणा. पाणी द्या. चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर पाच मिनिटे सावलीत बसू द्या. डोळे मिचकावत असतील तर आधी मिटायला सांगा, "एक, दोन, तीन" म्हणा आणि उघडताच काढा.

त्या मावशींना मी आमच्याच घराच्या दारात स्टुलावर बसवले. डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्यायला सांगितला, कारण त्याचीही सावली कपाळावर पडत होती. शेजारच्या पोराने समोर खाली पांढरा कागद धरला. तीन फोटो काढले. मोबाईल हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिले, मग पडद्यावर बोट फिरवून म्हणाल्या, "हे त माही माय दिसते राजा. तिचा त फोटूच नव्हता."

अर्जाला दोन प्रती लागतात. त्यांनी पाच काढायला सांगितल्या.