नकोसा नंबर ब्लॉक करण्याआधी

पूर्वी घरात एकच फोन असायचा आणि तोही बाहेरच्या खोलीत. पलीकडून कुणी न बोलता नुसता श्वास ऐकवू लागला की रिसीव्हर वडिलांच्या हातात जाई. त्यांनी दोन खणखणीत शब्द सुनावले की काही दिवस शांतता. आता प्रत्येकाचा फोन वेगळा. त्रास देणारा थेट मुलीच्या उशीपर्यंत पोहोचतो आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

कर्ज आणि प्लॉट विकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. १९०९ वर फोन करून जाहिराती नकोत अशी नोंद करता येते. नोंदीनंतरही फोन आलाच, तर तिथेच तक्रार करावी. रोज सकाळी फुलांची चित्रे पाठवणाऱ्या मामांना ब्लॉक करण्याची तर गरजच नाही. त्यांचा आवाज तेवढा बंद करावा, नाहीतर दिवाळीत भेटल्यावर उत्तर द्यावे लागेल!

खरा प्रश्न आहे तो ‘नाही’ म्हटल्यावरही न थांबणाऱ्याचा. अशा वेळी बहुतेक मुली घाबरून सगळे संदेश पुसतात आणि नंबर ब्लॉक करतात. इथेच चूक होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने आपली अनिच्छा स्पष्ट दाखवल्यानंतरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. तिच्या ई-मेल वा इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणेही त्यातच येते. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी २०१३ पासून हाच गुन्हा दंड संहितेच्या कलम ३५४-ड मध्ये होता.

म्हणूनच ‘अनिच्छा स्पष्ट’ हे शब्द महत्त्वाचे. ‘सॉरी, आता बिझी आहे’ हा नकार नव्हे. ‘मला तुमच्याशी बोलायचे नाही, पुन्हा संपर्क करू नका’ एवढे एकदाच लिहावे. त्यावर वाद घालू नये. मग नंबर, तारीख आणि वेळ दिसेल अशा बेताने संदेशांचे स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरही ठेवावेत. आलेल्या फोनची यादी आणि ई-मेल मुळीच पुसू नयेत. एवढे झाले की खुशाल ब्लॉक करावे.

ब्लॉक केल्याचे व्हॉट्सअ‍ॅप त्या माणसाला कळवत नाही. मात्र दोघे एकाच ग्रुपमध्ये असतील, तर तिथले संदेश एकमेकांना दिसतच राहतात. सोसायटी किंवा कॉलेजच्या ग्रुपवर हे हमखास घडते. जीमेलवर ब्लॉक केलेल्याची पत्रे येणे थांबत नाही, ती स्पॅममध्ये जाऊन पडतात. इन्स्टाग्रामवर त्याच व्यक्तीने नवे खाते उघडल्यास तेही ब्लॉक करण्याचा पर्याय मिळतो, तो निवडावा.

तरीही पाठलाग थांबला नाही तर पोलीस ठाण्यात जावे किंवा सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जिवाला धोका वाटत असेल तर लगेच ११२ फिरवावा.

पण एवढे होण्याआधी मुलीला घरात तोंड उघडावे लागते आणि नेमके तिथेच गाडे अडते. ‘तूच काहीतरी बोलली असशील’, ‘दे तो मोबाइल इकडे’ हेच ऐकावे लागेल याची तिला खात्री असते. गुन्हा त्याचा आणि फोन मात्र हिचा बंद, हा कुठला न्याय? नंबर बदलून टाकणे आईवडिलांना सोपे वाटते, पण बँक, आधार, कॉलेज, नोकरीचे अर्ज सगळे त्याच नंबराला जोडलेले असते. शिवाय ज्याने पहिला नंबर मिळवला, तो दुसराही मिळवू शकतो. त्यापेक्षा तक्रार द्यायला जाताना आईने किंवा वडिलांनी तिच्याबरोबर जावे.