गवतातली निळी छत्री

पावसाची झड उघडली की वाघोलीत इमारती उठायच्या राहिलेल्या प्लॉटवर गुडघाभर गवत माजतं आणि त्यात कुत्र्याच्या छत्र्या डोकं काढतात. त्यात कधी रुपयाएवढ्या टोपीची, शाई सांडल्यासारखी निळी एखादी दिसली, तर पोरं आधी तिच्याकडेच धावतात. हात लावल्यानं काही होत नाही. हात धुवायचे, झालं. तोंडात मात्र जाऊ द्यायची नाही.

अशी निळी छत्री बहुधा एन्टोलोमा गटातली असते. ओळख रंगात नाही, टोपीच्या खाली आहे. तिथल्या पातळ पात्या कोवळेपणी फिकट असतात आणि वाढल्यावर गुलाबी होतात. टोपी कापून पात्या खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी कागदावर गुलाबी भुकटी उतरलेली असेल. या गटातल्या जाती खाऊन युरोपात आणि जपानात माणसं आजारी पडली आहेत, म्हणून निळीलाही विषारीच समजा.

दुसरी एक शेणावर येते. ती मुळात राखाडी-पांढरी, पण दाबली की निळी पडते. ती खाल्ली की माणूस भ्रमात जातो. आणि सोसायटीच्या लॉनवरची ताटलीएवढी पांढरी? जून झाली की तिच्या पात्या हिरवट होतात. गावाकडची अळंबी समजून लोक तिची भाजी करतात आणि दोन-तीन तासांत उलट्या-जुलाबांनी बेजार होतात.

चांदीचा चमचा काळा पडला नाही, किडे लागलेत म्हणजे चांगलीच, शिजवलं की विष मरतं – हे सगळं खोटं. सगळ्यात घातक अळंब्यांचं विष उकळूनही जात नाही. त्रास सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो, मध्ये बरं वाटतं आणि तोवर यकृत गेलेलं असतं. त्यामुळे ‘आता बरं आहे’ म्हणून घरी थांबू नका.

कुणी खाल्लीच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत न पडता 108 ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा केंद्राचा नंबर 1800 116 117, तो मोबाईलमध्ये आजच घालून ठेवा. उरलेली छत्री देठाच्या बुडख्यासकट कागदी पिशवीत घेऊन जा. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून सडते, मग डॉक्टरांनी काय ओळखायचं?