विशेष कोण?

आमची जात विशेष, आमचे कुळ विशेष, आणि आमचा देश तर साऱ्या जगाचा गुरु, असे बोलणे सध्या फार स्वस्त झाले आहे. मेळावे भरतात, फलक लागतात, पुढारी फेटे बांधून मिरवितात. परवा एक कास्तकार पालक शाळेत येऊन आम्हांस म्हणाले, "गुरुजी, पोराला सांगत जा, आपण साधेसुधे नाही, क्षत्रिय आहोत." आम्ही त्यांस बसवून घेतले व नागपुरातली एक जुनी हकीकत सांगितली.

जाईबाई चौधरी या महार घरातल्या बाई. नागपूर ते कामठी हमाली करून त्यांनी पोट भरले. पुढे लिहावयास शिकल्या व मिशनच्या शाळेत मास्तरीण झाल्या. बाई अस्पृश्य आहे, हे कळताच स्पृश्य पालकांनी गिल्ला केला व ती नोकरी गेली. बाई रडत बसल्या नाहीत. सन १९२२ मध्ये त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा स्वतःच काढली. सन १९३७ च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा जाईबाईही गेल्या. भाषणे स्त्रीजातीच्या उन्नतीची, परंतु पाने मांडताना जाईबाईंस निराळे बसविण्यात आले! त्या अपमानाचा निषेध करण्यासाठी १ जानेवारी १९३८ रोजी अस्पृश्य स्त्रियांनी नागपुरात सभा भरविली.

हे वाचून आमचे कित्येक वाचक खूष होतील, की बरे झाले, भटाशिक्षितांचे पितळ उघडे पडले. पण बाबांनो, आपल्या मांडवात शेवटची पंगत कोणाची बसते? कोष्ट्याने काठाचे लुगडे विणावे, महाराने जाडेभरडे कापड विणावे, अशी या नागपूर प्रांताची जुनी रीत होती. धोटा दोघांच्याही हातात होता, तरी एकाचा विटाळ दुसऱ्यास होत असे. भट आम्हांस खाली लेखतो म्हणून आम्ही ओरडावे आणि आमच्याखाली कोणी आहे म्हणून सुखाने झोपावे, हा कोठला न्याय?

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींस सन १८९९ मध्ये त्यांच्याच पदरच्या भिक्षुकाने वेदोक्त नाकारले. राजाला क्षत्रिय ठरवून घ्यावयाचे होते, हे खरेच, आणि तो मान त्यांनी भांडून मिळविला. पण तेवढ्यावर ते थांबले असते तर आज त्यांचे नाव कोण घेतो? २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांस नोकऱ्यांत शेकडा ५० जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. आणि सन १९२० मध्ये याच नागपुरात भरलेल्या बहिष्कृतांच्या परिषदेचे अध्यक्षपद घेतले.

देशाचेही असेच. इंग्रजांस वाटे, आपणच राज्य करावयास जन्मलो. त्या तोऱ्यात त्यांनी सन १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा केले, कारण काय, तर औरस वारस नाही! त्या तोऱ्याचा आम्हांस राग येतो. तोच तोरा आम्ही आपल्या देशाच्या नावाने मिरवू लागलो, म्हणजे मात्र त्यास अभिमान म्हणावयाचे.

सर्व ऐकून पालक म्हणाले, "गुरुजी, ते खरं, पण पोराला काय सांगाल?" आम्ही विचारले, "तुमच्या थोरल्याच्या लग्नात गावकुसाकडच्या मंडळींची पाने कोठे मांडली होती?" त्यांनी टोपी सारखी केली, चहा अर्धा ठेवला व उठून गेले. धाकट्याचे लग्न वैशाखात आहे.