थिअरी कुणाच्या बापाची?



एम.ए. समाजशास्त्राच्या वर्गात सुरुवातीलाच फळ्यावर तीन नावं पडतात. मार्क्स, दुर्खीम, वेबर. तिघेही दाढीवाले. पोरं मुकाट उतरवून घेतात. मागच्या बाकावरचा आपला पोरगा विचारत नाही, की साहेब, ही नावं निवडली कुणी?

विचारायला पाहिजे. हे त्रिकूट काही आभाळातून पडलेलं नाही. १९३७ साली अमेरिकेत टाल्कट पार्सन्सने सामाजिक कृतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात वेबर, दुर्खीम मानाच्या पाटावर. मार्क्सला पाट नाही. तो पंगतीत बसला मागाहून, साठ-सत्तरच्या दशकांत, रस्ते पेटल्यावर. आणि द्युबॉइस? या काळ्या माणसाने फिलाडेल्फियात घरोघर फिरून माहिती गोळा केली, १८९९ साली ग्रंथ काढला. त्याला समाजशास्त्राच्या जनकांत धरायला लागलेत ते आता कुठे. म्हणजे शास्त्रालाही गावकूस असतं.

मग काही मित्र म्हणतात, फेकून द्या ही थिअरी, आपल्याला काय करायचीय? नाही मित्रांनो. फेकायचं नाही. वाजवून घ्यायचं.

दुर्खीम घ्या. १८९३ साली तो म्हणाला, कामं वाटली गेली की माणसं एकमेकांवर अवलंबून राहतात, त्यातून समाज बांधला जातो. आपल्याकडचे जातीचे वकील हेच तर सांगत आले. पण दुर्खीमनेच पुढे बजावलंय, की काम जबरदस्तीने लादलं तर ती बांधणी नव्हे, तो बिघाड आहे. वकिलांनी हे पान उलटलंच नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली नेमकं तिथेच बोट ठेवलं. जात कामं वाटत नाही, कामगारच फोडते आणि एकाच्या डोक्यावर दुसरा बसवते.

मार्क्स घ्या. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली. त्याच वर्षी त्याने लिहिलं, की रेल्वेमागून येणारा कारखाना जातीचा पाया असलेली पिढीजात कामवाटणी मोडील. रेल्वे आली, गिरण्या आल्या. आणि साचेखात्यात काय झालं? धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे. धाग्याला अस्पृश्याची थुंकी लागेल म्हणून जास्त पगाराच्या त्या खात्याचं दार आपल्या बापजाद्यांना बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. वर्ग की जात, हा वाद पुस्तकात सुरू झाला नाही. तो त्या धाग्यावर सुरू झाला.

आता आपल्या घरचं बघा. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझरच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांचा एक पोरगा निबंध वाचतो. सेनार्त, नेसफील्ड, रिस्ले, केतकर, सगळ्यांना तपासतो आणि सांगतो, जातीचं मर्म विटाळात नाही, जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे. ते टिकवायचं तर बाईला जाळा, विधवेला डांबा, पोरीला पाळण्यात उजवा. वरच्यांनी दारं लावून घेतली, खालच्यांनी त्यांची नक्कल केली. फ्रेंच पंडित तार्दचा अनुकरणाचा सिद्धांत त्याने असा कामाला लावला. पुढे १९५२ साली एम. एन. श्रीनिवासांनी याच नकलेला ‘संस्कृतीकरण’ म्हणून वर चढायची शिडी ठरवलं. शिडीचा उदोउदो झाला. दार कुणी लावलं, हे विचारणारा निबंध वर्षानुवर्षं समाजशास्त्राच्या वर्गाबाहेरच उभा!

१९६६ मध्ये लुई द्युमाँ आला. जात म्हणजे शुद्ध-अशुद्धाची उतरंड, सत्ता वेगळी, दर्जा वेगळा, म्हणाला. १९७१ मध्ये जेराल्ड बेरेमनने सुनावलं, की ही ब्राह्मणाच्या ओट्यावरून दिसणारी जात आहे. खालून बघा, तिथे मान्यता नाही, जुलूम आहे. भांडण इथेच आहे. समाज संमतीवर चालतो की दंडुक्यावर? ओट्यावरच्याला संमती दिसते. अंगणाबाहेरच्याला दंडुका.

पण एक टोला आपल्यालाही बसलाय. २००२ साली गोपाळ गुरूंनी लिहिलं, की आपल्या समाजशास्त्रात सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहितीची हमाली करणारे शूद्र, अशी नवी वर्णव्यवस्था आहे. एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबू नका. कविता ही सिद्धांताची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांनीच सुनावलंय. झोंबलं ना? आम्हालाही झोंबलं. आमच्या अंकात कविता भरून वाहतात आणि वैचारिक लेखासाठी चार चार वेळा दारं ठोठवावी लागतात. आपण सोसलं, हे खरं. पण सोसणं म्हणजे समजणं नव्हे. आपण नुसतं सोसलेलं सांगायचं आणि अर्थ त्यांनी लावायचा, ही तर बलुतेदारीच झाली.

तेव्हा मागच्या बाकावरच्या मित्रा, मैत्रिणी, वेबर वाच, द्युमाँ वाच, नोट्सवर भागवू नकोस. आणि १९१६ चा तो निबंध आधी वाच. मग तुझ्या चाळीत, ऑफिसात, हॉस्टेलच्या मेसमध्ये काय चालतं ते त्यांच्या शेजारी ठेव. कुठे जुळत नाही ते लिही. जिथे जुळत नाही तिथेच तुझी थिअरी सुरू होते.

पुढच्या अंकासाठी कविता नंतर पाठव. आधी लेख पाठव.

जय भीम!