हरकत घेणाऱ्या नागरिकाचा अधिकार

एखाद्या वस्तीत वाहनतळ उभारण्याचा प्रस्ताव पालिकेच्या दप्तरातून बाहेर पडतो आणि त्याच वस्तीतील रहिवासी हरकतीचा अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढतात, तेव्हा विकासाच्या आड येणारे लोक असा शिक्का त्यांच्या माथी मारण्याची जी रीत आपल्या सार्वजनिक जीवनात पडली आहे, ती अन्यायाची आहे. आणि शेवगावसारख्या ज्या तालुक्याच्या गावांवर हा प्रसंग आज ना उद्या येणार, त्यांनी तिचा विचार आताच केलेला बरा.

मुंबईत वांद्र्याच्या लिंकिंग रोडवरील रावसाहेब पटवर्धन उद्यानाखाली भूमिगत वाहनतळ खोदण्याचा मनसुबा महापालिकेने रचला, तेव्हा परिसरातील नागरिकांनी त्यास कसून विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जुहूच्या पुष्पा नरसी उद्यानाखालील अशाच योजनेविरुद्धही रहिवासी उभे राहिले. रावसाहेब पटवर्धन हे नाव उच्चारताच नगर जिल्ह्यातील जुन्या माणसाला स्वातंत्र्यसैनिक अच्युतराव पटवर्धनांचे ते वडीलबंधू आणि त्यांची निःस्वार्थ लोकसेवा आठवते. त्या नावाच्या बागेखाली मोटारींची कोठारे व्हावीत, याचे शल्य आपल्याला मुंबईकरांहून काकणभर अधिकच वाटावे. ठाण्याच्या गावदेवी मैदानाखाली मात्र नागरिकांचे आक्षेप असतानाही वाहनतळ बांधून पुरा झाला.

या विरोधामागे केवळ भावना होती असे म्हणणे सत्याला धरून नाही. भूमिगत वाहनतळाच्या छतावर मातीचा थर पसरून हिरवळ पुन्हा लावता येते. परंतु वड-पिंपळाची मुळे ज्या खोलीची अपेक्षा करतात ती खोली त्या थरात नसते, आणि पावसाचे जे पाणी मोकळ्या जमिनीतून भूगर्भात उतरले असते ते गटाराच्या वाटेने वाहून जाते. ज्या शेवगाव-पाथर्डीच्या अवर्षणप्रवण मुलखात उन्हाळ्याच्या तोंडाशीच विहिरी तळ गाठतात, तेथे हा आक्षेप क्षुल्लक मानणे परवडणारे नाही.

शिवाय हरकत घेणे ही कायद्याने मान्य केलेली पायरी आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने विकास योजनेचा मसुदा जाहीर करून विहित मुदतीत हरकती व सूचना मागविण्याची तरतूद केली आहे, आणि मंजूर योजनेत फेरबदल करावयाचा असल्यासही जनतेचे म्हणणे ऐकण्याचे बंधन घातले आहे. तेव्हा मुदतीत अर्ज करून सुनावणीस हजर राहणारा रहिवासी कायद्याने आखून दिलेल्या वाटेनेच चालत असतो. ती वाट चुकविण्याचा दोष द्यावयाचाच तर तो जाहीरनामा कोपऱ्यात लावून मुदत गुपचूप संपू देणाऱ्या कारभाराला द्यावा लागेल.

शेवगावचा प्रश्न मुंबईच्या मापाने मोजताच येणार नाही. पैठण, नेवासे, पाथर्डी आणि गेवराईकडील रस्ते जेथे एकत्र येतात, त्या या गावात बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून येणारी माणसे मुख्यतः दुचाकींवर, काळीपिवळी जीपांत आणि एस.टी.ने येतात, तर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवितात. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे मोठ्या मोटारीस उभे राहावयास अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते, दुचाकीस एक मीटर रुंद व दोन मीटर लांब. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने एक मोटार सुमारे सहा दुचाकींची जागा अडविते, आणि येण्याजाण्याच्या मार्गिका जमेस धरल्यास मोटारीमागे लागणारी जागा सुमारे दुप्पट होते. अशा गावाची खरी निकड बाजारपेठेच्या कडेला आखून दिलेल्या दुचाकीच्या जागा, जीपगाड्यांसाठी ठरलेला थांबा आणि ट्रॉल्यांसाठी गावाबाहेरचा वळणरस्ता यांची आहे. मैदानाच्या पोटात कोटीकोटींचे काँक्रीट ओतण्याची नव्हे.

तथापि हरकत घेणाऱ्यावरही एक कर्तव्य येते, आणि ते सांगितल्यावाचून त्याची बाजू पुरी होत नाही. आपल्या घरापुढील सार्वजनिक रस्ता आपल्या मोटारीसाठी वंशपरंपरेने मिळालेली इनाम जमीन आहे अशी समजूत बाळगून वाहनतळास विरोध करणारा नागरिक स्वतःचाच दावा दुबळा करीत असतो. 2018 साली पुणे महापालिकेने रस्त्यावर उभ्या वाहनांकडून शुल्क घेण्याचे धोरण मंजूर केले, तेव्हा झालेल्या विरोधामुळे ते मोजक्या रस्त्यांपुरते सीमित करावे लागले. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी 2005 च्या आपल्या ग्रंथात सप्रमाण मांडले, की फुकट दिसणाऱ्या वाहनतळाची किंमत वाहन नसलेला माणूसही भरीत असतो. शेवगावात पायी बाजाराला येणारी भाजीवाली बाई ती किंमत रस्त्याच्या कडेला बसण्याची जागा गमावून चुकती करते.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रथम वाहनांची मोजदाद करावी, रस्त्यावरील जागेस शिस्त आणि वाजवी दर लावावा, आणि त्यानंतरही उणीव उरली तर नकाशा, खर्चाचा अंदाज, तोडावयाच्या झाडांची यादी आणि देखभालीची जबाबदारी प्रसिद्ध करून वस्तीसमोर यावे. या क्रमाने जो प्रस्ताव येईल त्यास आंधळा विरोध करणे गैर होईल. आणि हा क्रम मोडून जो येईल त्यास विरोध करणे, हे गावाविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्यच आहे.