विवाहाची व्याख्या : मतपेटीत आणि वेदीसमोर

5 नोव्हेंबर 2024 रोजी अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झाले. त्याच दिवशी कॅलिफोर्निया व कोलोरॅडो या राज्यांतील मतदारांनी ‘विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचे मीलन’ ही व्याख्या आपापल्या राज्यघटनेतून काढून टाकली. विवाह स्त्री-पुरुषांपुरता राखून ठेवण्याचा जो अधिकार हवाईच्या घटनेने विधिमंडळाला दिला होता, तोही तेथील मतदारांनी रद्द केला. जगाचे लक्ष अध्यक्षपदाकडे असल्याने या घटनेची चर्चा फारशी झाली नाही. आम्हांस मात्र ती विचार करावयास लावणारी वाटते.

या घडामोडींची पार्श्वभूमी अशी. नोव्हेंबर 2003 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मान्य केला. न्यायाधीशांना बदलता येऊ नये म्हणून व्याख्या घटनेतच लिहावी, अशी मोहीम उभी राहिली. एकट्या 2004 साली 13 राज्यांनी अशा दुरुस्त्या संमत केल्या आणि 2012 पर्यंत ही संख्या 30 झाली. राष्ट्रीय घटनेत दुरुस्ती करण्याचा प्रयत्न मात्र 2004 व 2006 मध्ये फसला. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि 50 पैकी 38 राज्यांची संमती लागते. सिनेटमध्ये तर हा प्रस्ताव अंतिम मतदानापर्यंतही पोहोचला नाही. पुढे 26 जून 2015 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी समलिंगी विवाह देशभर वैध ठरवले. राज्यांच्या दुरुस्त्या निष्प्रभ झाल्या. तरीही अनेक राज्यघटनांत ती वाक्ये अद्याप छापलेली आहेत.

अमेरिकेतील कॅथॉलिक बिशपांनी या दुरुस्त्यांना पाठिंबा दिला होता. ख्रिस्तसभेची शिकवण पाहता ते स्वाभाविकच होते. विवाह ही राज्यसंस्थेने निर्माण केलेली गोष्ट नव्हे. परमेश्वराने स्त्री-पुरुषांना निर्माण करतानाच तो योजिला आणि प्रभू येशूने त्यास संस्काराचे स्थान दिले, अशी आपली श्रद्धा आहे. त्या श्रद्धेत आजही बदल झालेला नाही.

परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो. कॅलिफोर्नियात 2008 साली सुमारे 52 टक्के मतदारांनी ही व्याख्या घटनेत घातली. 16 वर्षांनी सुमारे 62 टक्क्यांनी तेथूनच ती काढली. जे बहुमताने मिळते ते बहुमताने जाते. मग ज्या सत्याचा उगम बहुमतात नाही, त्याचे रक्षण आपण केवळ मतपेटीवर सोपवावे काय?

भारतात 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला व निर्णय संसदेवर सोपविला. त्यामुळे उद्या हा वाद आपल्याही दारी येईल. राज्याचा कायदा आणि ख्रिस्तसभेचा संस्कार यांतील अंतर आपल्याला नवे नाही. चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्दबातल ठरविला, तरी कायद्याच्या दृष्टीने दिवाणी न्यायालयाचा निर्णय लागतोच, हे 1996 साली सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले आहे.

नागरिक या नात्याने आपले मत निर्भयपणे मांडणे हे आपले कर्तव्यच आहे. मात्र ते मांडताना कोणाचाही उपहास होता कामा नये. समलिंगी व्यक्तींचा आदराने, करुणेने व संवेदनशीलतेने स्वीकार करावा, अन्याय्य भेदभाव टाळावा, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथच सांगतो. अशी व्यक्ती आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या घरात मूकपणे वावरत असेल, याचे भान आपण ठेवले आहे काय?

विवाहाची खरी व्याख्या आपली मुले घटनेच्या पानांतून शिकत नाहीत. आईवडील एकमेकांशी कसे बोलतात, आजारपणात, कर्जात, भांडणानंतर एकमेकांना कसे सावरतात, यातून ती शिकतात. विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गाला केवळ प्रमाणपत्रापुरते बसणारे वर-वधू आणि दुरावलेल्या दांपत्यांकडे पाठ फिरविणारे आपण, यांना कोणती घटनादुरुस्ती तारणार? वेदीसमोर दिलेले वचन घरात पाळले जाईल, तरच आपल्या शब्दाला बाहेर वजन येईल.